गोठवलेलं रॅट सिरम, फोलेट कॉन्जुगेजसाठी: माल चांगला, लेबल अर्धवट

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातले तीन बाटलीतल्या मालाला, अर्धा पॅकिंगला. कापलेला दीड तारा पूर्णपणे लेबलाच्या खात्यावर टाकला आहे आणि खाली मी जे पाल्हाळ लावणार आहे, ते बहुतेक त्या दीड ताऱ्याबद्दलच आहे.

आधी माल कोणता ते सांगते. छोट्या व्हायलमध्ये गोठवलेलं रॅट सिरम (रॅटचं रक्त साकळल्यावर वेगळा होणारा द्रव), कॅटलॉगमध्ये 'फोलेट कॉन्जुगेजचा स्रोत म्हणून उपयुक्त' एवढ्या एका ओळीवर विकलं जाणारं. कंपनीचं नाव देत नाही. तक्रारी एका कंपनीपुरत्या नाहीत, या जातीच्या सगळ्याच मालाला कमीअधिक लागू पडतात. मी फोलेट, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, मोजते. नोकरीत इतरही बरंच काही मोजावं लागतं, पण प्रयोगशाळेत माझी ओळख 'फोलेटवाल्या बाई' अशीच झाली आहे. पद्धत बहुतेक वेळा जुनी, म्हणजे जिवाणू वाढवून मोजण्याची. फोलेटचे प्रकार वेगवेगळे पाहायचे असतील तर एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करून प्रत्येकाचं शिखर दाखवणारी पद्धत.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांना साहजिकच प्रश्न पडेल की एक जीवनसत्त्व मोजायला उंदराचं रक्त कशाला लागतं? त्याचं असं आहे की पेशीच्या आतलं फोलेट क्वचितच सुटं असतं. औषधाच्या गोळीतल्या फोलिक अ‍ॅसिडला एकच ग्लुटामेट (एक अमिनो आम्ल) असतो. जिवंत पेशी मात्र त्याला एकामागून एक आणखी ग्लुटामेट जोडत जाते आणि एक शेपटी तयार होते. माणसाच्या तांबड्या पेशीत ही शेपटी साधारण पाच-सहा ग्लुटामेटची असते, यीस्टमध्ये सातपर्यंत जाते. शेपटीवरच्या ऋण भारामुळे रेणू पेशीच्या पडद्यातून बाहेर निसटत नाही, म्हणून पेशीला ती सोयीची. हे ग्लुटामेट जोडले जातात गॅमा बंधाने, नेहमीच्या प्रथिनांमधल्या बंधाने नव्हे. त्यामुळे प्रथिनं पचवणारी साधी एन्झाइम्स या शेपटीला हातसुद्धा लावत नाहीत. त्यासाठी खास एन्झाइम लागतं. त्याचं जुनं नाव कॉन्जुगेज, नवं नाव गॅमा-ग्लुटामिल हायड्रोलेज.

आमचा जिवाणू म्हणजे लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस, एटीसीसी ७४६९. जुन्या लोकांच्या तोंडी अजून त्याचं जुनं नाव 'केसीआय'च आहे. तो तीन ग्लुटामेटपर्यंतचं फोलेट सुखाने खातो आणि त्याच्या वाढीवरून, म्हणजे प्लेटमधल्या छोट्या खळग्यांच्या, वेलच्या, गढूळपणावरून, आम्ही फोलेट किती ते काढतो. शेपटी तीनपेक्षा लांब झाली की त्याची भूक मंदावते. म्हणून नमुना त्याच्यापुढे ठेवण्याआधी शेपटी कापून द्यावी लागते. रॅटच्या रक्तात हे कापणारं एन्झाइम भरपूर असतं, ते साधारण सातच्या पीएचला काम करतं आणि शेवटपर्यंत कापून एकच ग्लुटामेट शिल्लक ठेवतं. हे तिन्ही गुण एका बाटलीत मिळतात, म्हणून हा माल खपतो.

आता प्रत्यक्ष वापर. पॅकिंग उत्तम. सुक्या बर्फात आलं, एकही व्हायल अर्धवट वितळलेली नव्हती, आणि व्हायल लहान असल्यामुळे एका दिवसाला एक उघडायची, उरलेलं टाकून द्यायचं, असं शिस्तीत चालतं. हे सिरम वितळवून पुन्हा गोठवण्याच्या भानगडीत पडू नये. मोठ्या बाटलीत देणाऱ्या पुरवठादारांना हे का समजत नाही कोण जाणे.

कापण्याचं काम हे सिरम चोख करतं. पण ते तपासायचं कसं, यात एक गोम आहे आणि तिथे भल्याभल्यांचे पाय घसरतात. बाजारात तीन ग्लुटामेटचं शुद्ध फोलेट मिळतं. फोलेटच्या स्टँडर्ड्ससाठी शोधनिबंधांमध्ये वर्षानुवर्षं ज्यांचं नाव येतं, त्या स्वित्झर्लंडच्या शिर्क्स लॅबोरेटरीजकडेही ते असतं. ते घ्यायचं, सिरम घालायचं, ३७ अंशाला ठेवायचं आणि मग जिवाणूला द्यायचं. आकडा पूर्ण येतो, सगळे खूश. पण जिवाणू तीन ग्लुटामेटवाला रेणू न कापताही खातोच! सिरमऐवजी नळाचं पाणी घातलं असतं तरी आकडा तोच आला असता. तीन ग्लुटामेटवाला नमुना चालतो एचपीएलसीवर, कारण तिथे तीनचं शिखर नाहीसं होऊन एकचं वर येताना डोळ्यांनी दिसतं. जिवाणूच्या पद्धतीत तपासायचं असेल तर लांब शेपटीचा नमुना घ्या. सर्वांत सोपा म्हणजे यीस्टचा अर्क: सिरम न घालता एक आकडा, घालून दुसरा. दोन्हींत ठळक फरक पडला पाहिजे.

मी यीस्टवर तपासलं, एचपीएलसीवर तीन ग्लुटामेटवालं तपासलं, आणि मग बीसीआर-४८५ लावलं. हे मिश्र भाज्यांचं कोरडं संदर्भद्रव्य आहे आणि त्याचा प्रमाणित आकडा किलोमागे ३.१५ मिलिग्रॅम, अधिक-उणे ०.२८ असा आहे. आमचा आकडा मर्यादेत बसला. सिरमची मात्रा दुप्पट केली तरी तो वाढला नाही, आणि माझ्या दृष्टीने हाच महत्त्वाचा पुरावा. मात्रा वाढवून आकडा वाढत असेल तर आधीची मात्रा अपुरी होती, किंवा सिरममधलं स्वतःचं फोलेट मोजलं जातंय.

त्या दुसऱ्या शक्यतेबद्दल आता. रॅटला स्वतःच्या शरीरासाठीही फोलेट लागतंच, ते सिरममध्ये येणारच. अन्नाच्या नमुन्यात फोलेट भरपूर असेल तर ते लपून जातं. कमी फोलेटच्या नमुन्यात मात्र ब्लँकच (नमुना न घालता नुसत्या सिरमचा येणारा आकडा) निम्मा आकडा खाऊन टाकतो. कॅटलॉगमध्ये याचा उल्लेखही नाही. उपाय जुना आणि स्वस्त आहे: सिरममध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल घालून बर्फावर ढवळत ठेवायचं, सेंट्रिफ्यूज करायचं आणि बारीक फिल्टरमधून गाळायचं. कोळसा सुटं फोलेट शोषून घेतो, एन्झाइम जागच्या जागी राहतं. डायलिसिसनेही होतं, फक्त वेळ लागतो. काळी भुकटी फिल्टरमधून निसटली तर वेल गढूळ दिसते आणि प्लेट रीडरला ती जिवाणूंची वाढ वाटते, तेव्हा गाळणी दोनदा करावी.

आणि प्रत्येक प्लेटवर एक उकळलेलं सिरम लावावं, हा माझा आग्रह आहे. उकळलं की एन्झाइम मरतं, फोलेटचा बराच भाग मात्र राहतो. त्यामुळे सिरमने किती कापलं आणि किती पदरचं घातलं, यातला फरक कळतो.

पहिल्या लॉटचं सिरम गवती पिवळसर होतं. नंतरचा लॉट आला तो गुलाबी. कागदोपत्री दोन्ही एकच: तोच कॅटलॉग क्रमांक, तेच 'उपयुक्त'. गुलाबी लॉटचा ब्लँक चढा आला आणि कोळशाने उतरला तरी पिवळ्या लॉटइतका खाली गेला नाही. इथून मी त्या दीड ताऱ्याकडे वळते.

सिरम गुलाबी असणं म्हणजे रक्त काढताना किंवा गोठताना तांबड्या पेशी फुटल्या. आणि रक्तातलं फोलेट मुख्यतः तांबड्या पेशींच्याच आत असतं, प्लाझ्मात, म्हणजे न साकळलेल्या रक्तातल्या पेशींबाहेरच्या द्रवात, त्यामानाने फार थोडं. म्हणजे विक्रेत्याने मला कात्री विकताना तिच्यासोबत कापडही विकलं. तेही अर्धवट कापलेलं, कारण पेशी फुटल्याक्षणीच एन्झाइमला शेपटीवालं फोलेट हाताशी लागलं.

हा मुद्दा नीट कळायला रक्तातलं हे एन्झाइम मुळात येतं कुठून, हे पाहावं लागतं. माझ्या मते प्रत्येक खरेदीदाराने ते पाहावं. माणसाच्या प्लाझ्मात कॉन्जुगेज असल्याची नोंद १९४९ सालची आहे. तांबड्या पेशी फोडून त्यात प्लाझ्मा मिसळला की जिवाणूंना उपयोगी पडणारं फोलेट वाढतं, हे टोनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ च्या सुमारास दाखवलं. म्हणजे माल पेशीत आणि हत्यार बाहेर. जिवंत रक्तात त्यांची गाठ पडत नाही. पेशी फुटली तरच पडते. प्रौढ तांबड्या पेशीत लायसोसोम (पेशीतल्या पचनाच्या पिशव्या) उरलेलेच नसतात आणि हे एन्झाइम मूळचं लायसोसोममधलं. त्यामुळे तांबड्या पेशीकडून ते आलं असेल हा संशय पहिल्याच फेरीत गळतो. शेपटीवालं फोलेट अस्थिमज्जेत पेशी तयार होतानाच तिच्यात भरलं जातं आणि तिच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात ते टिकून राहतं. कापणारं एन्झाइम आत नाही, हे या टिकण्याला सोयीचंच आहे.

मग प्लाझ्मातलं कुणाचं? मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो पीएचचा. माणसाच्या प्लाझ्मातलं कॉन्जुगेज साडेचारच्या आसपास जोमाने चालतं. रक्ताचा पीएच ७.४. तिथे ते जवळजवळ निकामी बसून असतं. ज्या जागी काम होत नाही त्या जागेसाठी ते बनलेलं नसणार, हे उघड आहे. साडेचार हा लायसोसोमच्या आतला पीएच. म्हणजे पेशींच्या पोटातलं हे हत्यार कुठून तरी बाहेर पडून रक्तात वाहत आलेलं आहे.

आतड्यावर संशय घेणारे असतात, कारण अन्नातल्या फोलेटची शेपटी कापण्याचं काम आतड्यातच होतं. पण माणसाच्या लहान आतड्याच्या ब्रश बॉर्डरवरचं, म्हणजे आतल्या अस्तराच्या केसाळ कडेवरचं, एन्झाइम वेगळंच आहे. ते पडद्यात रुतलेलं असतं, त्याला जस्त लागतं, साडेसहाच्या आसपासच्या पीएचला चालतं आणि शेपटीच्या टोकापासून एकेक ग्लुटामेट खुडत जातं. त्याचं जनुक ११ व्या गुणसूत्रावर, तर लायसोसोमवाल्याचं ८ व्या. जाता जाता: आतड्यातलं हे एन्झाइम म्हणजेच कर्करोगतज्ज्ञांचं पीएसएमए, ज्याचा माग काढत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे पेट स्कॅन केले जातात. फोलेटवाल्यांच्या परिषदेत आणि कर्करोगवाल्यांच्या परिषदेत एकाच प्रथिनावर दोन वेगळ्या नावांनी भाषणं चालतात, ही मला कायम गंमत वाटत आली आहे. गंमत आणखी अशी की रॅटच्या आतड्याच्या ब्रश बॉर्डरवर हे एन्झाइम सापडत नाही. माणसाच्या आणि डुकराच्या सापडतं. एका प्राण्याचं गणित दुसऱ्यावर सरळ लावता येत नाही, ते असं.

राहिले यकृत, मूत्रपिंड आणि पांढऱ्या पेशी. या सगळ्यांत लायसोसोम आहेत. आणि हे एन्झाइम काही फक्त पेशी मेल्यावरच गळतं असं नाही. रॅटच्या यकृताच्या गाठीतून काढलेल्या एच३५ नावाच्या पेशी संवर्धनात वाढवल्या, तर त्या आपल्या कॉन्जुगेजचा मोठा वाटा सरळ बाहेरच्या द्रवात सोडतात. १९९६ मध्ये जनुकाचा क्रम हाती आला तेव्हा प्रथिनाच्या सुरुवातीला बाहेर धाडण्याची खूणही सापडली. म्हणजे स्रवणं हा त्याच्या स्वभावाचाच भाग आहे.

एखाद्याला आपल्याच प्रयोगशाळेत हा माग काढायचा असेल तर फार यंत्रसामग्री लागत नाही. एकाच वेळी काढलेलं रक्त दोन भागांत विभागायचं. एकातून प्लाझ्मा काढायचा, दुसरं गोठू देऊन सिरम. गोठताना प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी आपापल्या पिशव्या रिकाम्या करतात, त्यामुळे सिरममध्ये जास्त कापणं दिसलं तर बोट त्यांच्याकडे वळतं. पांढऱ्या पेशी वेगळ्या करून, धुऊन, फोडून पाहायच्या, तांबड्या तशाच. मग प्रत्येकाचा आलेख पीएच चारपासून आठपर्यंत काढायचा आणि काय उरलं ते एचपीएलसीवर पाहायचं: एक ग्लुटामेट की दोन, मधूनच तोडलं की टोकापासून. सल्फहायड्रिल गट झाकणारं रसायन घालून पाहायचं, कारण लायसोसोमवाल्या एन्झाइमच्या क्रियास्थानी सिस्टीन आहे आणि ते झाकलं की ते थांबतं. जस्तवाल्याचं तसं नाही, ते जस्त ओढून घेतल्यावर थांबतं. एवढ्यावर कोण कुठला ते बऱ्यापैकी उलगडतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या लक्ष्मय्या आणि रामशास्त्री यांनी १९७५ मध्ये प्लाझ्मातल्या कॉन्जुगेजवर जी लेखमाला लिहिली, तिचा क्रम मला म्हणूनच आवडतो: आधी शुद्धीकरण आणि गुणधर्म, मग रक्तातला उगम, आणि त्यानंतर अन्नातलं फोलेट मोजण्यासाठी वापर. विक्रेते थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात.

लेबलावर काय हवं होतं ते आता वेगळं सांगायला नको. सिरम की प्लाझ्मा, आणि प्लाझ्मा असेल तर न गोठण्यासाठी काय घातलं. हिमोग्लोबिन किती, म्हणजे गुलाबीपणा डोळ्यांवर सोडायला नको. सिरमचं स्वतःचं फोलेट किती. कोणत्या पीएचला, कोणत्या नमुन्यावर, किती वेळात किती कापलं. रॅटना कोणतं खाद्य होतं हेसुद्धा, कारण खाद्यातलं फोलेट बदललं की ब्लँक बदलतो. माझ्या व्हायलवर होतं: रॅट सिरम, आकारमान, लॉट, 'केवळ संशोधनासाठी'. विचारणा केली तेव्हा विश्लेषणाचं प्रमाणपत्र आलं. त्यात एकूण प्रथिनं होती आणि जंतू नसल्याची ग्वाही होती. एन्झाइमचं नाव विकण्याच्या ओळीत आहे, तपासण्याच्या कागदात नाही. पुन्हा लिहिल्यावर एका तांत्रिक माणसाने प्रांजळपणे कळवलं की हे सिरम ते सर्वसाधारण वापरासाठी गोळा करतात आणि कॉन्जुगेजची चाचणी कुठल्याच लॉटवर होत नाही. उत्तर पटकन आणि सरळ आलं, याबद्दल मी त्यांचं कौतुकच करते.

पर्यायांबद्दल थोडं. कोंबडीच्या स्वादुपिंडाची भुकटी ही अमेरिकी एओएसी या चाचणीपद्धती ठरवणाऱ्या संस्थेच्या २००४.०५ या पद्धतीतली नेहमीची निवड. अमायलेज, प्रोटीएज आणि ही, असं तिघांचं त्रिकूट. ती सात ते आठच्या मधल्या पीएचला चालते, तिला कॅल्शियम मानवतं, आणि ती दोन ग्लुटामेटवर थांबते. जिवाणूला दोन चालतात, त्यामुळे तिथे ती झकास. एचपीएलसीवर मात्र एकचं शिखर मोजत बसाल तर फोलेट कमी आल्यासारखं दिसेल, कारण सगळं दोनच्या शिखरात जाऊन बसलेलं असतं. ईडीटीए (धातूंना धरून ठेवणारं, रक्त साकळू न देणारं रसायन) घातलेल्या नमुन्यात ती वापरण्यात अर्थ नाही, कॅल्शियम आधीच पळवलेलं असतं. डुकराच्या मूत्रपिंडाचा अर्क एकपर्यंत कापतो, पण आम्लधर्मी पीएच मागतो आणि बहुधा स्वतःच तयार करावा लागतो. वास आठवला तरी मला दुसरी पद्धत सुचते. जनुकतंत्राने बनवलेलं शुद्ध मानवी एन्झाइम मिळतं, त्याची त्रिमितीय रचना २००२ पासून माहीत आहे, ब्लँक जवळजवळ शून्य आणि लॉट एकसारखे. पण ते येतं मायक्रोग्रॅमात. एचपीएलसीच्या मोजक्या नमुन्यांना ते अप्रतिम. भाज्यांच्या अर्काच्या रांगा लावायच्या तर पुरणार नाही.

आणि एक गट असा आहे ज्याने ही बाटली घेऊच नये: तांबड्या पेशींतलं फोलेट मोजणारे. अशा प्रयोगशाळांतूनही हे सिरम मागवलेलं मी पाहिलं आहे. अहो, रुग्णाच्या नळीत प्लाझ्मा आहेच की! ईडीटीएचं पूर्ण रक्त एक टक्का अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडमध्ये पातळ केलं की पेशी फुटतात, पीएच आपोआप आम्लाकडे उतरतो, फोलेटचं ऑक्सिडीकरण थांबतं आणि रुग्णाचंच एन्झाइम रुग्णाच्याच फोलेटची शेपटी कापतं. ईडीटीएची त्याला अडचण नाही, कारण ते जस्तावर अवलंबून नाही. ३७ अंशाला अर्धा-एक तास ठेवलं की झालं. एकच अट: अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडच घ्या, सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट नको. नाव सारखं वाटतं, पण सोडियमवाल्याने पीएच उदासीनच राहतो, एन्झाइम झोपून राहतं आणि आकडा खाली येतो. रॅट सिरमची किंवा वरून प्लाझ्माची गरज पडते ती पेशी धुऊन घेतल्या असतील तर, कारण धुताना हत्यारच ओतून दिलेलं असतं.

या आकड्याला हलकं घेऊ नये. गर्भाच्या मज्जानलिकेतले दोष टाळण्यासाठी जननक्षम वयाच्या स्त्रियांच्या गटात तांबड्या पेशींतलं फोलेट लिटरमागे ९०६ नॅनोमोलच्या वर असावं, म्हणजे मिलिलिटरमागे ४०० नॅनोग्रॅम, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं. तो उंबरठाही जिवाणूच्या पद्धतीने आलेल्या आकड्यांवर बसवलेला आहे. शेपटी अर्धवट कापली गेली तर धडधाकट बाईही कागदावर उंबरठ्याखाली जाते. रुग्ण प्रतिजैविक घेत असेल तर जिवाणू वाढत नाही आणि तसंच होतं, म्हणून क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणारा एनसीआयएमबी १०४६३ हा वाण आमच्याकडे फ्रीझरमध्ये असतो. तो सगळ्याच प्रतिजैविकांना पुरून उरत नाही, पण माध्यमात क्लोरॅम्फेनिकॉल घालून परक्या जंतूंना लांब ठेवता येतं, नमुने गाळून निर्जंतुक करण्याचा व्याप वाचतो.

तर घ्यावं का? अन्नाचे नमुने करत असाल आणि एचपीएलसीवर सगळं फोलेट एकाच ग्लुटामेटवर आणायचं असेल, तर घ्या. सातच्या आसपासच्या पीएचला काम होतं, नमुन्याला फार आम्लात घालावं लागत नाही, आणि कापणं पूर्ण होतं. मात्र लिंबूवर्गीय फळं, टोमॅटो अशा आंबट नमुन्यांमध्ये पीएच नीट बफर करून घ्या आणि लांब शेपटीचं फोलेट मुद्दाम घालून ते परत मिळतंय का ते पाहा. एका नमुन्यात चाललं म्हणून दुसऱ्यात चालेल असं नाही. फक्त जिवाणूची पद्धत असेल तर कोंबडीची भुकटी तेवढंच काम करते, या सिरमची गरज नाही.

मागवताना आधी एकच व्हायल मागा आणि लॉट क्रमांक लिहून घ्या. रंग पाहा. उकळलेलं आणि न उकळलेलं शेजारीशेजारी लावा, यीस्टवर कापणं पाहा. पटलं तर त्याच लॉटमधलं वर्षभराचं राखून ठेवायला सांगा; माझ्या पुरवठादाराने विनातक्रार राखलं. गुलाबी आलं तर परत पाठवा. त्यांनी माझं परत घेतलं, बदल्यात आलेलं पिवळं निघालं, पण सोबतच्या कागदावर अजूनही हिमोग्लोबिनचा रकाना नाही.